टाकी बाहेर राहील

मुनीमजींनी टाक दौतीत बुडवला आणि नाव विचारलं.

"कांता उकंडा मुनेश्वर."

"जात?"

"बौद्ध."

मुनीमजींनी मान वर न करता वहीत भलताच शब्द लिहिला, तोच जुना. त्यांना वाटलं, या बाईला काय वाचता येणार! पण छप्पन सालच्या दसऱ्यानंतर दिग्रसच्या वस्तीत मोठ्या माणसांची शाळा निघाली होती आणि कांताबाईनं तिथं दोन वर्षं पाटी घासली होती. उलट्या बाजूनं का होईना, तिला तो शब्द वाचता आला.

"मुनीमजी, मी सांगतलं ते नाही लिह्यलं तुमी."

"एकच आहे ते."

"एकच हाये त मी सांगतलं तेच लिहा ना. शाई तेवढीच लागते."

मागं चार माणसं उभी होती. मुनीमजींनी रागानं रेघ मारली, वर नवा शब्द लिहिला आणि नोकरी दिली. द्यावीच लागली. महिन्यातले पंधरा दिवस घर सोडून गावोगाव हिंडायचं, बाळंतिणींचे कपडे धुवायचे, बाळामागून पडलेला जार पुरायचा, हे करायला दिग्रसमधली दुसरी बाई तयारच नव्हती. कांताबाईला घरी सासू होती, पोरं सांभाळायला. नवरा उकंडा मुनीमजींच्या मालकाच्या, रामलाल शेठच्या जिनात रेच्यांना, सरकी काढायच्या यंत्रांना, तेल घालायचा. ती स्वतः आधी तिथंच कापूस निवडायला होती.

ही गोष्ट त्रेसष्ट सालची. रामलाल शेठनं आईच्या नावानं एक मोटार बांधून घेतली होती. जुन्या लॉरीवर लाकडी खोली चढवली, आत दोन बाकं, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट आणि मागच्या कोपऱ्यात गॅसची शेगडी. कागदावर तिचं नाव फार लांबलचक होतं. तांड्यातांड्यातल्या बाया तिला 'जचकीची मोटार' म्हणत, जचकी म्हणजे बाळंतपण. मोटारीत चौघं जण असायची. डॉक्टर कुमुद नेरकर, अमरावतीकडच्या, बोलायला कमी आणि हाताला हलक्या. कंपाउंडर देवराव. ड्रायव्हर भावसिंग, महागावजवळच्या तांड्यातला. त्याचा आजा बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरला होता. "आमी पयलेपासून चाकावरचेच," असं तो म्हणायचा. आणि चौथी कांताबाई.

गॅस म्हणजे तेव्हा अपूर्वाई. दिग्रसमध्ये कोणाच्या घरी नव्हता. त्याची टाकी मुंबईहून रेल्वेनं यायची. तिच्याबरोबर एक मिस्त्री आला होता. त्यानं सगळं जोडून दिलं आणि देवरावला समजावलं. टाकीच्या तोंडावर मुठीएवढा रेगुलेटर बसतो. टाकीतल्या गॅसचा जोर तो आवरतो आणि रबरी नळीतून शेगडीला बेतानं सोडतो. आधी काडी पेटवायची, मग चावी फिरवायची. काम झालं की शेगडीची चावी बंद करून भागत नाही, टाकीही बंद करायची. वास आला तर साबणाचा फेस लावून बघायचं. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा खाली जाऊन बसतो.

देवराव "हो, हो" म्हणत होता. त्याचं अर्धं लक्ष मिस्त्रीच्या घड्याळाकडं होतं. कांताबाई दाराशी ओणवी होऊन खालच्या फळ्या पुसत होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला. पुढं शेगडी रोज पेटवायची होती तिलाच. चिमटे, कात्र्या, सुया, काचेच्या पिचकाऱ्या उकळणं हे तिचंच काम होतं.

वर्षभर बरं चाललं. पण रस्ते कसले होते! बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून मोटार जायची तेव्हा आतल्या बाटल्या दात वाजवाव्यात तशा वाजायच्या. टाकी शेगडीखालच्या कपाटात सुतळीनं बांधलेली होती. ती हलायची, कपाटाच्या फळीवर आपटायची. रबरी नळी उन्हानं टणक होत चालली होती. कांताबाईनं दोनदा सांगितलं. देवराव म्हणाला, "मुंबईचा माल हाये तो. तुह्या आमच्यावानी नाही, असा तसा तुटत नसते."

चौसष्टचा मे. महागावच्या पुढं एका तांड्याबाहेर, चिंचेखाली मोटार उभी होती. सकाळभर बाया तपासून झाल्या होत्या. दुपारी लू इतकी पेटली होती, की तांड्यातली कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पडून होती. मोटारीची दारं-खिडक्या लावून, आतून ओले पडदे सोडून डॉक्टरबाई बाकावर पडल्या. दुसऱ्या बाकावर औषधांची खोकी असायची. पहिल्या दिवशीच देवरावनं ती तिथं रचली होती आणि कांताबाईला म्हणाला होता, "तुले खाली गार वाटीन." तेव्हापासून ती खालच्या फळ्यांवर गोधडी टाकून निजायची. देवराव पुढं ड्रायव्हरशेजारच्या गादीवर. भावसिंग झाडाखाली.

कांताबाईला डुलकी लागली आणि थोड्या वेळानं डोकं ठणकून जाग आली. जीभ कोरडी, पोटात मळमळ. आणि वास. सडक्या कांद्यासारखा. ती उठून बसली, तर वास कमी झाला. पुन्हा वाकली, तर होता. ती ताडकन उठली, मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. गरम वाऱ्याचा लोट आत आला तशा डॉक्टरबाई जाग्या झाल्या.

"काय गं हे? भट्टी केलीस!"

"बाई, गॅसचा वास येऊन राह्यला."

डॉक्टरबाईंनी बसल्या बसल्या वास घेतला. "मला नाही येत."

देवराव पुढून आला. त्यालाही आला नाही. "फिनेल असन," तो म्हणाला. "नाहीत तिच्या गोधडीचाच." आणि हसला.

कांताबाई हसली नाही. तिला साठ सालचं जिन आठवलं. शेजारी बसणारी मानीबाई मुकादमाला म्हणाली होती, "काही तरी जळून राह्यलं." मुकादम म्हणाला, "तुह्या बिडीचा वास तुलेच येते." पाऊण तासात कापसाचा ढीग भडकला. मुकादम तेव्हा बाहेर होता. हात जळाले मानीबाईचे. तिची बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. वास येतो म्हणणारीचं कोणी ऐकत नाही, आणि जळायच्या वेळी तीच सगळ्यात जवळ असते, ही गोष्ट कांताबाईनं तेव्हाच मनात पक्की बांधून ठेवली होती.

तिनं टाकी घट्ट बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, पातेलं चढवलं, तर ज्योत निळी यायच्या ऐवजी पिवळी, हातभर उंच उसळली आणि फरफर करायला लागली. तिनं लगेच बंद केली. मग तांड्यातून मूठभर रिठे मागून आणले, पाण्यात चोळून दाट फेस केला, टाकी जराशी उघडली आणि चिंधीनं फेस सगळीकडं लावत गेली. नळीच्या भेगेवर बारीक बुडबुडे आले. रेगुलेटरच्या डोक्यावर टाचणीएवढं भोक होतं. तिथं एकच बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. बाळाच्या नाकावर फुगतो तसा.

तिनं देवरावला हाक मारली. त्यानं अंगठ्यानं फेस पुसून टाकला.

"वायसर ढिला असन." त्यानं पान्यानं आवळलं. पुन्हा फेस लावला, पुन्हा बुडबुडा. देवरावचा चेहरा लाल झाला. बाहेर भावसिंग आणि तांड्यातल्या दोन बाया बघत होत्या.

"त्या फेसात काय समजते? मी दाखवतो नेमकं कुठून येते ते," असं म्हणून त्यानं खिशातून काडेपेटी काढली.

त्यानं काडी पेटीवर टेकवली मात्र, कांताबाईनं त्याच्या मनगटावर असा फटका मारला, की पेटी उडून पाण्याच्या घमेल्यात पडली.

"तू माह्यावर हात टाकला?" देवराव म्हणाला. आवाज हळू होता, म्हणून जास्त वाईट वाटला. "तू? माह्यावर?"

"टाकला. आनखी काडी काढसान त आनखी टाकीन."

"कोन हाये तू समजून घे."

"समजलं मले. छप्पन सालीच समजलं. तुमी टाकी बंद करा पयले, मंग माही जात काढा."

भावसिंग पुढं आला, दोघांच्या मधून हात घातला आणि टाकी बंद केली. "देवरावभाऊ," तो म्हणाला, "याडीनं आपल्याले वाचवलं बावा आज. चूप बसा." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

त्या दिवशी कांताबाईनं रेगुलेटर सोडवून काढला, फडक्यात गुंडाळला आणि लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवला. चिंचेपासून लांब तीन धोंडे मांडले, तुरीच्या काड्या पेटवल्या आणि त्यावर चिमटे-कात्र्या उकळायला ठेवल्या. डॉक्टरबाईंनी पाहिलं. काम अडत नव्हतं, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना धड खरंही वाटत नव्हतं आणि धड खोटंही.

चार दिवसांनी महागावात शिबिर होतं. रामलाल शेठ स्वतः आले, बरोबर यवतमाळचे दोन साहेब. शेठना मोटार दाखवायची होती, आणि मोटारीत दाखवायची मुख्य चीज म्हणजे गॅस. साहेबांना गॅसवरचा चहा पाजायचा बेत होता. मंडपापुढं खुर्च्या मांडल्या होत्या. पाऊणशे बाया पोरं कडेवर घेऊन सावलीला बसल्या होत्या.

देवरावनं शेठच्या कानात आधीच सगळं घातलं होतं.

"कांताबाई, रेगुलेटर दे दो," शेठ मोठ्यानं, गोड आवाजात म्हणाले. "साहेबांना चाय पाहिजे."

"चहा देते ना शेठजी. चुलीवरचा."

"चूल तर यांच्या घरी पण असते. गॅसवरचा पाहिजे."

"गॅस गळते. मी नाही पेटवत, आन कोनाले पेटवूही नाही देत."

साहेबांपैकी एकानं घसा खाकरला. शेठचा आवाज उतरला. "मोटार कोणाची आहे?"

"तुमची."

"गॅस कोणाचा?"

"तुमचा. पन मोटारीत निजते मी. डॉक्टरबाई निजते. उद्या अडलेली बाई याच बाकावर निजन. तिचा जीव काही तुमचा नाही."

"उकंडा माझ्या जिनात आहे, माहिती आहे ना?"

हे ती चार दिवसांपासून धरून चालली होती. तरी ते शब्द खरोखर ऐकल्यावर पदराची गाठ तिनं मुठीत धरली.

"उकंडाचं उकंडाले विचारा. मोठा मानूस हाये तो, त्याले तोंड हाये. माह्याजवळ रेगुलेटर हाये, त्याचं मले विचारा."

"डॉक्टर!" शेठ वळले. "तुमच्या हाताखालची बाई आहे. घ्या तिच्याकडून."

डॉक्टर नेरकर खुर्चीवरून उठल्या. कांताबाई त्यांच्याकडं बघत राहिली. या बाईबरोबर तिनं वर्षभरात साठ-सत्तर बाळंतपणं केली होती. दिवस मावळताना, कोसळत्या पावसात, एकदा तर बैलगाडीत. एकमेकींच्या हातांची भाषा दोघींना कळत होती. पण बाईंनी तिची जागा कधी पाहिली नव्हती.

"बाई," कांताबाई म्हणाली, "तुमी म्हनान त देते. पन एक वेळ माह्या जागेवर निजा. दारं लावून, दहा मिनिटं. मंग मागा."

शेठ म्हणाले, "ये क्या नाटक है!"

डॉक्टरबाईंनी हातातलं घड्याळ सोडून भावसिंगकडं दिलं. "दहा मिनिटं झाली की दार उघड."

भावसिंगनं मंडपभर हाळी दिली, "बिड्या इझवा! चुलीवर पानी मारा!" साहेबांची सिगारेटसुद्धा विझली. कांताबाईनं रेगुलेटर टाकीवर चढवला, शेगडीच्या चाव्या बंद आहेत हे हात लावून पाहिलं आणि टाकी उघडली. खिडक्या लावल्या. डॉक्टरबाई आपलं पांढरं पातळ आवरून कांताबाईच्या गोधडीवर, फळीवर गाल टेकून पडल्या. कांताबाई त्यांच्याजवळ उकिडवी बसली. दार लागलं.

आत उकडत होतं. काही वेळ नुसता तेलाचा, औषधांचा, लाकडाचा वास. मग डॉक्टरबाईंच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली नेली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"चांगला समजला तो पाच दिवसांपयले. डोकं त म्हयन्यापासून दुखते."

"आणि मी तुला ॲनासिन देत होते."

पाचव्या मिनिटालाच डॉक्टरबाईंनी उठून टाकी बंद केली, दार आतून ढकललं आणि बाहेर येऊन लांब श्वास घेतला. गालावर गोधडीचा वळ उमटला होता.

"चहा चुलीवर होईल," त्या म्हणाल्या. "आणि शेठजी, ही मोटार दुरुस्त झाल्याशिवाय मी एकही पेशंट आत घेणार नाही."

साहेबांनी चुलीवरचा चहा घेतला. शेठनी घेतला नाही.

मग जे व्हायचं ते झालंच. आठ दिवसांत कांताबाईला कागद आला, उद्धट वर्तनाबद्दल कामावरून कमी. उकंडाला मुकादमानं तोंडीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्या दिवशी उकंडा घरी आला, खाटेवर बसला आणि बराच वेळ आपल्या तेलकट हातांकडं बघत राहिला. कांताबाई भाकरी थापत होती. तिला वाटलं, आता बोलणार.

"मानीबाई भेटली होती," तो म्हणाला. "म्हने, कांतीले सांग, बरं केलं."

"आन तू काय म्हनतं?"

"मी काय म्हनू! मले तेल घालाचंच काम येते, ते कुठंही घालीन. रेगुलेटर कुठं हाये?"

शिबिरात टाकीवरून पुन्हा सोडवून घेतलेला रेगुलेटर अजून तिच्याच पदरात होता. तो परत मागायला देवराव दोनदा येऊन गेला होता. "डॉक्टरबाईले देईन, दुसऱ्या कोनाले नाही," असं तिनं दारातूनच सांगितलं होतं.

डॉक्टरबाई आल्या, पण मागायला नाही. दोघी जणी सकाळच्या एसटीनं यवतमाळला आणि तिथून नागपूरला गेल्या. गॅसच्या दुकानातल्या मिस्त्रीनं रेगुलेटर उघडून टेबलावर मांडला. आत रबराची एक गोल, पातळ चकती होती, तीच गॅसचा जोर आवरते. तिला कडेला बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती.

"यावर किती दिवस शिजवलं?" मिस्त्रीनं डॉक्टरबाईंना विचारलं.

"यांना विचारा," बाई म्हणाल्या.

कांताबाईनं सांगितलं. मिस्त्री मग तिच्याशीच बोलायला लागला. टाकी माणसं निजतात त्या खोलीत ठेवायचीच नसते, तो म्हणाला. बाहेरून उघडणारी वेगळी पेटी पाहिजे, आतून बंद, आणि पेटीच्या तळाला भोक. गळला तरी गॅस खाली रस्त्यावर पडून जाईल. नळी दर दोन वर्षांनी बदलायची, भेगा दिसोत की न दिसोत.

"हे लिहून द्या," कांताबाई म्हणाली. "सही करून. आमच्याकडं बाईचं बोलनं हवेत जाते, कागद राह्यते."

तो कागद आणि फाटकी चकती डॉक्टरबाईंनी शेठच्या टेबलावर ठेवली. बरोबर आपला राजीनामाही ठेवला, तारीख न घालता. शेठ मुरलेले व्यापारी होते. तांड्यातांड्यात मोटारीचं नाव झालं होतं आणि ते नाव या दोन बायांच्या हातांचं होतं, हे त्यांना कळत होतं. पंधरा दिवसांत दिग्रसच्या लोहारानं पत्र्याची पेटी ठोकून मोटारीच्या मागं, बाहेरून बसवली. कांताबाईला निरोप आला, कामावर ये.

ती गेली, पण आत चढली नाही. आधी पेटी उघडून तळाच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग आत डोकावली. दुसऱ्या बाकावर खोकी तशीच रचलेली होती.

"देवरावभाऊ, हे खोके खाली घ्या."

"अन मंग औषधं कुठं ठेवू?"

"खाली. तिथं गार राह्यते म्हने."

देवरावनं खोकी उतरवली. एकेक करत. पुढं दोन वर्षांनी त्याची बदली होईपर्यंत तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिनंही त्याहून जास्त बोलणं मागितलं नाही.

उकंडाला मात्र शेठनं परत घेतलं नाही. तो पुसदला एका जिनात लागला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. ही किंमत कांताबाई कधी विसरली नाही. तिला कोणी शाबासकी द्यायला लागलं की ती म्हणायची, "माह्या नवऱ्याले द्या. माही नोकरी वापस भेटली, त्याची नाही भेटली."

मोटार अडुसष्टपर्यंत फिरली. दर सोमवारी निघायच्या आधी कांताबाई सगळ्या जोडांना रिठ्याचा फेस लावायची. तांड्यातली पोरंटोरं बुडबुडे बघायला जमायची आणि बुडबुडा आला नाही की हिरमुसायची. या अवधीत नळी दोनदा बदलली. रेगुलेटर एकदा तिनंच नापास केला.

सदुसष्टच्या दिवाळीत शेठच्या वाड्यावर गॅस आला. दिग्रसमधला तिसरा की चौथा. दोन दिवसांत सुनेनं वास येतो म्हणून बोंब ठोकली आणि शेठचा माणूस कांताबाईच्या दारात उभा राहिला. ती गेली. माणूस तिला मागच्या अंगणातल्या दाराकडं न्यायला लागला.

"गॅस कुठं हाये?" तिनं विचारलं.

"रांधनीत."

"मंग पुढून जाऊ. जवळ पडते."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शेठची वहिनी आडवी उभी होती. ती बाजूला होईना. "इथूनच सांग की," ती शेवटी म्हणाली.

"इथून नाही सांगता येत. वास खाली राह्यते, जमिनीजवळ. मले तिथं बसा लागन."

आतून शेठचा आवाज आला, "येऊ द्या तिला."

वहिनी सरकली. कांताबाई आत गेली, शेणानं सारवलेल्या त्या सोवळ्या जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसली, वाकली आणि वास घेतला. मग सुनेकडं वळून म्हणाली, "पोरी, खिडकी उघड. आन रिठे हाये का घरात?"